भाऊभियांची सवारी

भाऊभिया जामदार दर रविवारी सकाळी व्हीलचेअरवर बसून पोहे खायला जातात. त्यांचे दोन्ही पाय शाबूत आहेत. वय चौऱ्याहत्तर, पण एरवी जिना चढताना दोन-दोन पायऱ्या एकदम घेतात. रविवारी मात्र मांडीवर रुमाल पसरून, दोन्ही हातांनी चाकं ढकलत ते आमच्या गल्लीतून बडा गणपतीच्या चौकाकडे निघतात. गल्लीतले लोक सरावलेले आहेत. "क्या भिया, आज नई गाडी?" एवढं विचारून आपापल्या कामाला लागतात. खरी पंचाईत बाहेरच्यांची होते. चौकातला नवा पोलीस शिट्टी वाजवून सगळी वाहतूक थांबवतो. एखादी कॉलेजची मुलगी धावत येऊन मागून खुर्ची ढकलू लागते, तर भाऊभिया तिलाच कामाला लावतात. "जीती रह बेटा. जरा जोरात ढकल आणि उजवं चाक ओढतंय का सांग." मग पोह्यांच्या दुकानापाशी पोचले की ब्रेक लावतात, ताडकन उठतात, खुर्चीची घडी करून भिंतीला टेकवतात आणि चालत जाऊन प्लेट घेतात.

एकदा धारहून दर्शनाला आलेल्या एका बाईंनी हे पाहिलं आणि देवळाकडे तोंड करून भर रस्त्यात लोटांगण घातलं. भाऊभियांनी त्यांना उठवून समजावलं, "बाई, चमत्कार नाही हो. टेस्टिंग चालू आहे." बाईंना ते काही पटलं नाही. पुढच्या रविवारी त्या गुडघेदुखीवाल्या सासूला घेऊन हजर झाल्या.

आणखी एक गोष्ट. इंदूरमध्ये पोह्यांबरोबर जिलेबी न घेणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. भाऊभिया घेत नाहीत. साखरेचा आजार नाही, दात ठणठणीत आहेत. का घेत नाही म्हणून विचारलं तर म्हणतात, "ती सवारीची असते." ही सवारी काय भानगड आहे ते पुढे सांगते.

आधी नावाचं सांगून टाकते. घरी त्यांना भाऊ म्हणत. इंदूरने त्याला भिया जोडलं. दोन्हीचा अर्थ एकच, पण इथे प्रेम जास्त झालं की माणसं एकच नातं दोनदा लावतात. जामदारांचे पूर्वज संस्थानात जामदारखाना सांभाळायचे, म्हणजे राजघराण्याचे दागिने आणि भरजरी कपडे त्यांच्या ताब्यात. भाऊभिया हे सगळ्यांना ऐकवतात आणि मला वर म्हणतात, "खानदानी काम आहे वहिनी. त्यांनी जडजवाहीर सांभाळलं, अपन कमोडची खुर्ची सांभाळतो."

कारण त्यांच्या घराखालच्या गॅरेजमध्ये आमच्या क्लबचं गोडाऊन आहे. आजारी माणसाला लागणाऱ्या सगळ्या वस्तू तिथे आहेत: वर-खाली होणारे लोखंडी पलंग, व्हीलचेअर, वॉकर, काठ्या, हवेच्या गाद्या. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की आणून द्यावं. भाऊभियांचं पूर्वी सायकलींचं दुकान होतं, त्यामुळे चाक असलेली कुठलीही वस्तू त्यांना आपली वाटते. स्वतः बसून चौकापर्यंत चालवल्याशिवाय ते एकही खुर्ची कुणाला देत नाहीत. पलंग आला तर त्याच्यावर दुपारची झोप काढून बघतात. हवेची गादी नीट फुगते का हे बघताना एकदा ते संध्याकाळपर्यंत झोपले होते आणि तीन नातेवाईक बाहेर ताटकळत होते.

क्लबचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर आमचे अध्यक्ष म्हणतील, मोठ्या अक्षरांत छापा. एवढंच सांगते की हा सेवा करणारा क्लब आहे. दर महिन्याला मीटिंग, मीटिंगनंतर जेवण, जेवणात पनीर. नवरात्रात गरबा, पावसाळ्यात पिकनिक, अधूनमधून तंबोला, आणि थंडीत ब्लँकेटवाटप. ब्लँकेटवाटपाच्या फोटोत एका ब्लँकेटला दहा-बारा सदस्य धरून उभे असतात आणि ज्याला ते मिळायचं तो फोटोत मावत नाही. मी या क्लबची सचिव आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आमचे हे म्हणाले, जरा चार लोकांत मिसळत जा. मिसळायला गेले आणि सचिव होऊन आले, कारण त्या दिवशी बाकी सगळे जेवणाच्या रांगेत होते.

या समारंभांत भाऊभियांना आवरणं हे माझं मुख्य काम. तंबोल्यात त्यांना एकदा फुल हाउस लागलं. बक्षीस डिनर सेट. ते स्टेजवर गेले, माइक घेतला आणि विचारलं, "हा ठेवून घ्या, याच्या बदल्यात वॉकरच्या पायांना लावायचे रबरी बूट मिळतील का?" गरब्यात ते पारेखबेनना घेऊन आले. पारेखबेनच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्या क्लबच्याच वॉकरवर होत्या. भाऊभियांनी त्यांना थेट रिंगणात उतरवलं. टाळी, वॉकर पुढे, टाळी, वॉकर पुढे. अख्खं रिंगण त्यांच्या चालीने फिरायला लागलं. गाणं संपलं तरी त्यांची एक फेरी पुरी व्हायची होती, म्हणून ते परत लावावं लागलं. त्या वर्षी उत्कृष्ट गरब्याचं बक्षीस पारेखबेनना मिळालं, आणि ज्या सुनांनी त्यासाठी महिनाभर क्लास लावले होते त्या आजही भाऊभियांशी धड बोलत नाहीत.

आता सवारी. भाऊभिया आजारी माणसाला पेशंट म्हणत नाहीत, सवारी म्हणतात. रिक्षावाला म्हणतो तसं. कुणी वस्तू मागायला आलं की पहिला प्रश्न, "सवारी कोण?" आणि दुसरा, "परत कधी आणताय?" या दुसऱ्या प्रश्नाने लोक भडकतात. वडिलांना कालच अर्धांगाचा झटका आलेला, मुलगा रात्रभर जागून पलंग न्यायला आलेला, आणि हा म्हातारा विचारतो परत कधी? बरं, टाळाटाळ चालत नाही. "तारीख नको, सण सांगा. राखी? गणपती? दसरा म्हणता? चला, दसरा पक्का." सण ठरल्याशिवाय कुलूप उघडत नाही. याच्या तक्रारी माझ्याकडे येतात. एका वकीलसाहेबांनी तर मला सुनावलं की सेवा करायची तर दानत ठेवा, तुमचा माणूस उधारी वसूल करायला बसल्यासारखा बोलतो.

दुसरा नियम त्याहून जाचक. ज्याने नेलं त्यानेच आणायचं. मुलगा वॉकर घेऊन आला की भाऊभिया तो घेत नाहीत. "सवारी कुठे आहे?" "घरी आहेत काका, आता बरे आहेत." "बरे आहेत तर चालत येतील. अपन इथेच आहोत." मग दुसऱ्या दिवशी ते बरे झालेले गृहस्थ स्वतः येतात. फाटकापासून गॅरेजच्या दारापर्यंत त्यांनी वॉकर हातात उचलून आणायचा, टेकायचा नाही. भाऊभिया दारात उभे राहून बघत असतात. गृहस्थ पोचले की ते वरच्या मजल्याकडे बघून ओरडतात, "सवारी उतरली!" आणि गरम जिलेबी मागवतात. ही ती जिलेबी. एक निवृत्त हवालदार वॉकर गदेसारखा खांद्यावर टाकून आले होते, आणि त्यांनी एकट्याने पाव किलो खाल्ली.

पण काही वस्तू भाऊभिया स्वतः आणायला जायचे. पांढरा कुर्ता-पायजमा घालायचे, सलीमची लोडिंग रिक्षा स्वतःच्या खर्चाने ठरवायचे आणि दुपारी गुपचूप निघायचे. कुणाकडे जातात, का जातात, हे कुणाला सांगत नसत. काहींना हेलपाटे घालायला लावायचे आणि काहींकडे घरपोच सेवा, असा हा कारभार. मला वाटायचं, तऱ्हेवाईक माणूस, मनाला येईल तसं करतो. तशी त्यांच्या घरातही एक तऱ्हा होतीच. त्यांच्या बैठकीत खिडकीखालची सगळ्यात हवेशीर जागा रिकामी असायची आणि सोफा, टेबल, टीव्ही सगळं दाराशी कोंबलेलं. आलेला पाहुणा सोफ्यावर गुडघे दुमडून बसायचा. मी एकदा म्हटलं, तिकडे एवढी जागा आहे की. तर म्हणाले, "तिकडे ऊन येतं." थंडीच्या दिवसांत हे उत्तर जरा विचित्र होतं, पण मी सोडून दिलं.

गेल्या थंडीत या गोडाऊनवर संकट आलं. भाऊभियांचा मुलगा निखिल आता बापाच्या दुकानात विजेच्या स्कूटर विकतो. मुलगा वाईट नाही. त्याने वर्षभर आधीच सांगितलं होतं की स्कूटर ठेवायला आणि चार्ज करायला गुढीपाडव्यापासून गॅरेज लागेल. म्हणजे पाडव्याच्या आत गोडाऊनला भाड्याची जागा मिळाली नाही तर पलंग-खुर्च्या भंगारात जाणार. क्लबकडे पैसे येण्याचा एकच मोठा मार्ग होता, जानेवारीतला आनंद मेळा. आणि मेळ्याच्या पैशावर अध्यक्षांचा डोळा होता.

अध्यक्ष पंकजजी बिल्डर आहेत. उमदा माणूस, दिलदार, फक्त एक व्यसन आहे, फोटोचं. त्यांना मेळ्याच्या पैशातून राऊच्या रस्त्यावर क्लबच्या नावाचं स्वागतद्वार बांधायचं होतं. मला म्हणाले, "मॅडम, सेवा दिखनी चाहिए. गॅरेज में पडे हुए कमोड किसको दिखते हैं? जो दिखता नहीं, उसके लिए अगले साल चंदा कौन देगा?" यात काही तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मेळा झाला. भुट्ट्याचा कीस, तळलेल्या कंदाचे गरम गराडू, मेंदी, तंबोला, सगळं नेहमीचं. आणि एका कोपऱ्यात भाऊभियांचा स्टॉल. तिकीट काढायचं, व्हीलचेअरवर बसायचं, हिरवळ ओलांडून गराडूच्या स्टॉलवर जायचं आणि प्लेट घेऊन परत यायचं. उठायचं नाही. सांडायचं नाही. आधी पोरं बसली, मग पोरांचे बाप, मग भिशीच्या बायका. संध्याकाळपर्यंत तिथे सगळ्यात मोठी रांग होती. पंकजजीही बसले. हिरवळीच्या टोकाला दोन पायऱ्या होत्या, तिथे त्यांची खुर्ची अडकली. पुढे जाता येईना, मागे वळता येईना, उठायचं नाही असा नियम. लोक त्यांचे फोटो काढू लागले. ते हसत होते, पण मग जरा वेळाने हसायचे थांबले आणि म्हणाले, "अरे कोई धक्का तो मारो." भाऊभिया शांतपणे म्हणाले, "बस, यही तो है भिया."

मेळ्याला कधी नव्हे एवढी कमाई झाली आणि तिच्यातली बरीचशी त्या व्हीलचेअरींनी आणली होती. तरी बैठकीत पंकजजी गेटवरून हटले नाहीत. शिवाय त्यांनी भाऊभियांच्या कारभाराचा मुद्दा काढला. कुणाकडून स्वतः आणता, कुणाला परत पाठवता, हा पक्षपात आहे. असं गोडाऊन क्लबने भाडं भरून का चालवावं? भाऊभिया उत्तर देतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "बऱ्याच सवाऱ्या अजून बाहेर आहेत. त्या उतरल्याशिवाय बंद कसं करू?" निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आणि मधल्या काळात मी सगळं डोळ्यांनी पाहून सांगावं असं ठरलं. सचिव म्हणजे असल्याच कामांसाठी असतो.

फेब्रुवारीत एका दुपारी भाऊभिया पांढऱ्या कपड्यांत दिसले. मी पर्स उचलली आणि रिक्षात जाऊन बसले. त्यांनी जरा सरकून जागा केली. राऊला दिघे सरांकडे पलंग आणायला जायचं होतं. मी क्लबच्या ग्रुपवर टाकलं, "आज राऊहून पलंग परत येतोय." माझा हेतू फक्त हजेरी लावण्याचा होता.

दिघे सरांच्या घराच्या एक गल्ली अलीकडे सलीमने न सांगता रिक्षा बंद केली. "इथून चालत," भाऊभिया म्हणाले. "दारात हॉर्न नको." तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं. दार दिघे सरांनी उघडलं. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, स्वेटर उलटा घातलेला. समोर कपाटावर त्यांच्या पत्नी कुसुमताईंचा फोटो, त्याला हार. तेरावा होऊन मुलगी पुण्याला परत गेली होती. पलंग भिंतीशी खिडकीखाली तसाच होता, चादर घातलेला.

भाऊभियांनी पलंगाचं नावही काढलं नाही. ताई चहात आलं घालायच्या का, असं विचारलं. सर म्हणाले, आलं नाही, गवती चहा. मग गवती चहा कुठे लावलाय, ताईंनी स्वतः लावला का, राऊची माती कशी, अशा गप्पा चालल्या. सरांचा आवाज हळूहळू मोकळा होत होता. तेवढ्यात बाहेर मोटारीचा लांबलचक हॉर्न वाजला.

पंकजजी आले होते. सोबत फोटोग्राफर, दोन माणसांनी धरलेला क्लबचा बॅनर आणि हातात जिलेबीचं पुडकं. त्यांनी ग्रुपवर वाचलं होतं की पलंग परत येतोय. भाऊभियांच्या राज्यात वस्तू परत येते म्हणजे सवारी बरी झाली आणि सवारी बरी झाली की जिलेबी, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांचा हिशेब बरोबरच होता. ते दारातूनच म्हणाले, "बधाई हो सर, बधाई हो. भाभीजी को बुलाइए, एक फोटो हो जाए."

मग त्यांना कपाटावरचा फोटो दिसला. माझी आयुष्यात इतकी मान कधी खाली गेली नव्हती. बॅनर धरणाऱ्या दोघांनी तो सोडून दिला आणि तो उंबऱ्यावर पडला. पंकजजी हात जोडायला गेले, पण हातात पुडकं होतं, ते लपवायला जागा सापडेना.

दिघे सर त्या पुडक्याकडे बघत होते. "जिलेबी आहे?" त्यांनी विचारलं.

"सर, मुझे मालूम नहीं था," पंकजजी म्हणाले. "माफ कर दीजिए."

"नाही, द्या इकडे. तिची राहिली होती." सरांनी ते पुडकं घेतलं, उघडून फोटोपुढे ठेवलं आणि मग आमच्याकडे वळले. "पलंग न्यायला आलो तेव्हा ती मोटारीत बसून होती. ऐकलंच नाही, मी पण येते म्हणाली. भाऊभियांनी खिडकीतून वाकून तिला विचारलं, परत कधी आणताय. मला इतका राग आला होता. ती म्हणाली, रंगपंचमी. गेरची मिरवणूक बघायला येणार, तेव्हा स्वतः घेऊन येते, जिलेबी तयार ठेवा." सरांनी फोटोचा हार सरळ केला. "घरी येताना मला म्हणते, बघितलंत, त्यांना वाटतंय मी परत येईन. एवढ्या डॉक्टरांपैकी कुणी विचारलं नव्हतं हो. मग रोज सकाळी एकच. रंगपंचमीला किती राहिले?"

"तारीख चुकली, सर," भाऊभिया म्हणाले.

"चुकली. पण दिवस चांगले गेले आमचे."

भाऊभिया उठले, चादर काढून तिची नीट घडी घातली आणि सरांच्या हातात दिली. मग पाना काढून पलंग खोलायला बसले. गादीचं कव्हर फाटलं होतं, गुंडाळायला काही हवं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि उंबऱ्यावरचा बॅनर उचलला. पंकजजींनी मान हलवून परवानगी दिली.

पलंग बाहेर गेला. आता निघायचं असं मला वाटलं. पण भाऊभिया खोलीच्या मध्ये उभे राहून जेवणाच्या टेबलाकडे बघत होते. "सर, हे टेबल खिडकीखाली घेऊ या."

"कशाला? आहे तिथे ठीक आहे."

"इकडे ऊन चांगलं येतं. कुणीतरी एक हात लावा. टेबल दोघांनी सरकवायचं असतं, एकट्याने होत नाही." मी पुढे होणार तेवढ्यात पंकजजींनी अस्तन्या मागे सारल्या आणि दुसरी बाजू धरली. टेबल खिडकीखाली गेलं. भाऊभियांनी सरांना तिथे बसवलं, पुन्हा एकदा गवती चहा करायला लावला आणि आम्ही सगळे त्या टेबलाभोवती बसून तो प्यालो. फोटोग्राफरही प्याला. कॅमेरा त्याने पिशवीतून काढलाच नाही.

परतताना मी विचारलं, "हे दर वेळी करता?"

"पलंग गेला ना वहिनी, की खाली एक चौकोन राहतो. फरशीचा रंगसुद्धा वेगळा दिसतो. घरातली माणसं महिनोन् महिने त्याला वळसा घालून चालतात. म्हणून काहीतरी सरकवायचं आणि तिथे बसून चहा घ्यायचा. एकदा चहा घेतला की जागा घराची होते." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "निखिलच्या आईच्या, सुमनच्या वेळी पलंग भाड्याचा होता. तिसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस दारात हॉर्न वाजवायला लागला. तिचीच चादर होती त्याच्यावर. मी आणि निखिलने जिन्यावरून खाली आणला. तेव्हा ठरवलं, असा पलंग आणायला घरच्यांना कधी लावायचं नाही. अपन जायचं."

मला त्यांची बैठक आठवली, दाराशी कोंबलेला सोफा आणि खिडकीखालची ती जागा. बारा वर्षं मी त्या घरात जात होते आणि त्याला तऱ्हा म्हणत होते. सांगायला हरकत नाही, रिक्षात मी पदर तोंडाला लावून रडले. मागे गादीवर गुंडाळलेला आमचा बॅनर फडफडत होता, आणि राऊपासून बडा गणपतीपर्यंत क्लबचं नाव सगळ्या रस्त्याला दिसत होतं.

बैठकीत मला काही सांगावंच लागलं नाही. पंकजजी उभे राहिले आणि म्हणाले, गेट कॅन्सल. गोडाऊनसाठी गल्लीतच एक खोली बघितली आहे, फाटकापासून दारापर्यंत चालायला जागा आहे, भाडं मेळ्याच्या पैशातून जाईल. आणि दारातल्या पायऱ्यांच्या जागी उतार ते स्वतः बांधून देणार. कुणीतरी विचारलं, उद्घाटनाला कुणाला बोलवायचं? ते म्हणाले, "पहिली सवारी जी उतरून येईल, तिला." भाऊभिया त्या दिवशी आले नव्हते. एक कमोडची खुर्ची वाकली होती, ती सरळ करत बसले होते.

म्हणून रविवारी सकाळी पंकजजी आणि मी त्यांच्या घरी बातमी सांगायला गेलो. या वेळी फोटोग्राफर नव्हता. पंकजजींच्या हातात पोहे आणि जिलेबी होती. भाऊभियांनी आम्हाला नेहमीप्रमाणे दाराशी कोंबलं आणि बातमी ऐकून फक्त नव्या खोलीचं दार किती रुंद आहे ते विचारलं. पलंग आडवा जाईल ना?

पंकजजी ऐकत होते, पण त्यांची नजर खिडकीकडे होती. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सुमनवहिनींचं नावही काढलं नव्हतं. ते उठले, टेबलावरची वर्तमानपत्रं माझ्या मांडीवर ठेवली आणि टेबलाची एक बाजू धरून उभे राहिले.

"भाऊभिया, जरा हाथ लगाना."

भाऊभियांनी टेबलाकडे पाहिलं, मग खिडकीखालच्या फरशीकडे. "तिकडे ऊन येतं," ते म्हणाले.

"तो आने दो ना भिया. अकेले से नहीं होगा, आपने ही कहा था."

निखिल आतून येऊन दारात थांबला होता. त्याने पुढे येऊन हात लावला नाही आणि ते त्याने बरं केलं. भाऊभिया बराच वेळ जागचे हलले नाहीत. मग त्यांनी चप्पल काढली, वाकले आणि दुसरी बाजू उचलली. टेबल सावकाश सरकत खिडकीखाली गेलं. निखिलने खुर्च्या आणल्या. पोह्यांच्या प्लेटा मांडल्या. ऊन खरंच छान येत होतं, प्लेटांवर, जीरावण मसाल्याच्या डबीवर, भाऊभियांच्या हातांवर.

पंकजजींनी जिलेबीचं पुडकं उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. आता ते म्हणणार, ती सवारीची असते, म्हणून मी वाट पाहत होते. निखिल मात्र खिडकीबाहेर बघत, जरा दबक्या आवाजात म्हणाला, "सवारी उतरली, बाबा."

भाऊभियांनी मान हलवली. मग एक जिलेबी उचलली, अर्धी मोडून निखिलला दिली आणि उरलेली अर्धी आपण खाल्ली.